पावसाळ्यात उभ्या असलेल्या मोटरसायकलची बॅटरी कशी जपावी

जून ते सप्टेंबर मोटरसायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवून लोकलने कामावर जाणारे मुंबईत पुष्कळ आहेत. दसऱ्याला गाडी धुवून हार घातला, सेल्फ दाबला आणि नुसता टकटक आवाज आला, की दोष पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात गाडी उभी राहिली, एवढेच कारण बहुधा पुरेसे असते.

लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड असलेली नेहमीची बॅटरी, काहीही न चालवता आपोआप उतरत असते आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले तर तो ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात घड्याळ, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), अलार्म किंवा जीपीएस यंत्र किल्ली काढल्यावरही थोडा करंट ओढत राहते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक स्फटिकांच्या रूपात साचते आणि मग कितीही चार्ज केले तरी पूर्वीची क्षमता परत येत नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरून ठेवणे आणि भरलेलीच राहू देणे, हेच खरे काम आहे.

आठवड्यातून एकदा खाली उतरून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण तिचा उपयोग फारसा नाही, कारण सेल्फने खर्च केलेला चार्ज आयडलवर, म्हणजे गाडी जागेवरच उभी ठेवून, इतक्या थोड्या वेळात क्वचितच भरून निघतो. अर्धा तास रस्त्यावर फिरवता येत असेल तर जरूर फिरवावी. नसेल तर इंजिन बंदच बरे.

गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल, तर बॅटरी काढून घरी न्यावी. किल्ली बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडवावी आणि नंतर पॉझिटिव्ह. हा क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना चॅसीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकला, तर थेट शॉर्ट होतो. स्क्रू काढताना आतला चौकोनी नट खाली निसटतो, म्हणून तो बोटाने धरून ठेवावा आणि बॅटरी निघताच स्क्रूसकट जागेवर परत बसवावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचली असेल, तर खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने ती घासून, पुसून, पूर्ण कोरडी करावी. सोड्याचे पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही पूड लवकर धरते.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या साधारण एक दशांश असावा, म्हणजे ५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. कारच्या मोठ्या चार्जरवर घाईने चार्ज केलेली छोटी बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. भरल्यावर आपोआप फ्लोटवर जाणारा, म्हणजे फक्त बॅटरी भरलेली ठेवण्यापुरताच करंट देणारा चार्जर सर्वांत सोयीचा. पाण्याच्या बॅटरीत पातळी खालच्या खुणेपर्यंत आली असेल, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो, त्यामुळे बॅटरी उघड्या खिडकीजवळ ठेवावी. देवघरातील समई आणि स्वयंपाकघरातील गॅस यांपासून ती दूरच हवी. लिथियम बॅटरीला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो.

त्यानंतर ती सावलीत, कोरड्या जागी ठेवावी. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूत हल्लीच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांना लागू नाही. महिन्यातून एकदा मल्टीमीटर (व्होल्ट मोजणारे यंत्र) लावावा, पण चार्जिंगनंतर काही तास जाऊ द्यावेत, नाहीतर आकडा फसवा येतो. साध्या, पाण्याच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, पाणी घालावे न लागणाऱ्या मेंटेनन्स-फ्री बॅटरीत १२.८ च्या आसपास; दोन्हींत १२.४ दिसले की लगेच चार्जला लावावे.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या मालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांतील अनेकींना किक नसते आणि बॅटरी पुरती उतरली असेल, तर इंजिनला पेट्रोल पुरवणारा गाडीतला विजेवरचा पंप चालत नसल्याने ढकलूनही गाडी चालू होत नाही.

बॅटरी परत बसवताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह जोडावी, टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि पॉझिटिव्हवरचे लाल रबर नीट चढवावे. पूर्ण चार्ज करूनही काही तासांत आकडा पुन्हा १२.४ च्या खाली आला, तर बॅटरी संपली असे समजावे आणि नवी घेताना जुनी भंगारवाल्याला न देता दुकानदाराकडेच जमा करावी.