आतड्याच्या कर्करोगावरील संशोधन कसे वाचावे

अभ्यास हाती आला की निष्कर्षाकडे धाव घेण्याआधी त्यातील रुग्ण कोण होते, रोग कोणत्या टप्प्यात होता आणि गाठ मोठ्या आतड्यात होती की गुदाशयात, हे पाहावे; दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

मग आकडे तपासावेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोझेक’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीत ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची भर घातल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी घटला, असे वाचले की फरक फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ७२.९ वरून ७८.२ टक्क्यांवर गेले, म्हणजे शंभरांमागे सुमारे पाच जणांना जास्तीचा लाभ झाला. हे पाच जण मोलाचेच आहेत. तरीही त्याच अहवालात या औषधामुळे येणाऱ्या हातापायांच्या बधिरपणाची नोंद शोधावी, कारण सदऱ्याचे बटण बोटांना न जाणवणे ही रुग्णासाठी किरकोळ गोष्ट नव्हे.

पोटाच्या इतर विकारांनाही हीच कसोटी लावावी: २०२० च्या ‘कोडा’ चाचणीत अपेंडिक्सच्या सुजेवर केवळ प्रतिजैविके घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांना नव्वद दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली, आणि अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. आपल्या स्कॅनमध्ये तसा खडा आहे का, हे शल्यचिकित्सकांना आवर्जून विचारावे.