लेकराला पातळ संडास लागली? घरी होणाऱ्या या चुका टाळा

पेरणीच्या दिवसांत पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं, की खेड्यात लेकरांना संडास लागते. "दात येताहेत, होतेच" म्हणून दोन दिवस तसेच जातात. दाताने संडास लागत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, तिथे लेकराच्या जिवाला धोका होतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेची तयार पुडी, पाण्यात कालवताना. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, तीही ग्लासात अंदाजाने. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, मेडिकलात 200 मिलीची लहानही मिळते. म्हणून आधी पुडीवरचं माप वाचा. पुडीवर लिहिलंय तेवढंच उकळून गार केलेलं पाणी बाटलीने मोजून स्वच्छ गंजात ओता आणि अख्खी पुडी टाका. पाणी कमी पडलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. जास्त झालं तर मीठ पुरत नाही. वरून साखर नको. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, संडास वाढते. डब्यातल्या गोड ज्यूसनेही तेच होतं. उरलेलं 24 तासांनी फेका.

दर संडासनंतर दोन वर्षांपर्यंतच्या लेकराला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200 मिली. "पाजलं की ओकतो" म्हणून बंद करू नका. 10 मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा.

आईचं दूध तोडू नका. वरण-भात, पेज सुरूच ठेवा. उपाशी लेकरू लवकर खंगतं.

झिंक संडास थांबली तरी 14 दिवस पूर्ण द्या: सहा महिन्यांवरच्याला रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्याला अर्धी, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतं. संडास बांधणारी गोळी किंवा मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक लेकराला देऊ नका. मेळघाटात पोट फुगलं की तापल्या विळ्याचे चटके, म्हणजे डंबा देतात. त्याने आजार तसाच राहतो आणि कोवळ्या अंगाला जखमा होतात.

पाणी किती गेलं ते पोटावर पाहा. बेंबी आणि कुशीच्या मधली कातडी उभ्या चिमटीत धरून सोडा. जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागले, तर घरी थांबू नका. कुपोषित लेकराची कातडी एरवीही सावकाश बसते, तिथे डोळे खोल गेलेत का, लेकरू मलूल आहे का, पिऊ शकतं का, हेही बघा. संडासात रक्त दिसलं, प्यालेलं सगळं ओकलं किंवा लेकरू दोन महिन्यांच्या आतलं असलं तरी लगेच दवाखाना.

108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही, लेकरू जागं असून गिळत असेल तर चमचा चालूच ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.