जुन्या चिनी फर्निचरवरचा सुटलेला शिंपला कसा बसवावा

ग्वांगझूच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या खुर्च्या-टेबलांचं लाकूड बहुधा 'सुआनझी' असतं, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातलं. त्यातल्या शिंपल्याच्या जडावकामाला चिनी भाषेत 'लुओदियान' म्हणतात. कँटनशी (ग्वांगझूचं जुनं इंग्रजी नाव) व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांमुळे असं सामान मुंबईतही आलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एसीत आकसतं. शिंपला मात्र जागचा हलत नाही. त्या ओढाताणीत जुना सरस तडकतो आणि तुकडे सुटतात.

आधी नखाने हलकेच टिचकी मारत सगळी नक्षी तपासा. पोकळ आवाज आला की तुकडा सैल आहे. निखळलेला प्रत्येक तुकडा पाकिटात ठेवून जागेचा क्रमांक लिहा, फोटो काढा.

खाचेतल्या जुन्या थरावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस मिनिटभर ठेवा. थर चिकट झाला तर तो प्राणिज सरस. तो मऊ करून लाकडी काडीने खरवडा. पाण्याने काहीच झालं नाही, तर लाख असण्याची शक्यता आहे; ती स्पिरिटने सुटते, पण स्पिरिट आजूबाजूच्या पॉलिशलाही खातं, म्हणून थेंबानेच वापरा.

एक भाग सरसाचे दाणे दोन भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवा. मग गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसवर वितळवा. उकळला तर चिकटपणा जातो. खाच किंचित कोमट करा, पातळ थर लावा, तुकडा बसवा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा ठेवून हलकं वजन २४ तास राहू द्या. शिंपला मुळातच थोडा वाकडा असतो. क्लॅम्प आवळून सपाट करायला गेलात तर तो मोडतो. फेव्हिकॉल, सुपरग्लू नकोच: पुढच्या दुरुस्तीत ते सुटत नाहीत आणि शिंपल्याचे तुकडे पडतात.

कोरलेल्या पाकळ्या, चेहऱ्यांच्या रेषा केसाएवढ्या उथळ असतात. त्यावर पॉलिश पेपर एकदा फिरला की त्या कायमच्या गेल्या. लिंबू, व्हिनेगर तर लांबच ठेवा. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लात विरतो. नवा तुकडा कापावा लागला तर सोनाराच्या बारीक करवतीने, पाणी लावून, मास्क घालून कापा. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

चौकटीतली फळी खाचेत मोकळीच बसवलेली असते. तिथे सरस ओघळू देऊ नका, नाहीतर कोरड्या हवेत ती फळी मधोमध फाटते.