उत्तरा लागण्याआधी ट्रॉलीचा तळ उघडा

सोलापूर जिल्ह्यात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. उत्तरा नक्षत्र १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, मागोमाग हस्त येतो आणि तो सरेपर्यंत ऊसतोडीची गडबड सुरू होते. ट्रॅक्टरची गंजलेली ट्रॉली दुरुस्त करायला ऑगस्टमधली उघडीप तेवढी हाताशी असते. हवामान विभागाच्या जिल्हा अंदाजात सलग चार कोरडे दिवस दिसले, की बाकीची कामं थांबवा आणि हे धरा.

ट्रॉली खराब होते ती एकाच हयगयीने. उन्हाळ्यात शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), पोटॅश वाहून झालं, की ती न धुता बांधावर उभी राहते. पत्रा आणि त्याला खालून आधार देणारे लोखंडी चॅनल यांच्या फटीत खत-माती अडकते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरून पत्रा वाळला तरी फट पावसाळाभर ओली राहते. शेणखतात क्षार असतात आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये (नेहमीच्या पोटॅश खतात) क्लोराइड, म्हणून साध्या पाण्यापेक्षा हा गंज फार वेगाने आत जातो. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी मोरचुदाकडेही बघावं. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी नेलेलं मोरचूद सांडलं, की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तिथे खड्डे पडतात.

नुकसान दिसतं ते हंगामात. वाटेत दांडी (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा पुढचा दांडा) तुटली किंवा तळ बसला, तर तोडलेला ऊस उन्हात पडून राहतो. तोडणीनंतर २४ तासांत गाळप झालं नाही, की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटत जातात. कांद्याची ट्रॉली परतीच्या पावसात रस्त्यावर अडकली, तर बाजार समितीत भिजलेला माल उतरतो आणि त्याला भाव मिळत नाही.

पहिला दिवस: धुणं आणि तपासणी. तेलकट भागाला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा लावा, मग एचटीपी पंपाच्या (जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या) जोरदार फवाऱ्याने खालून धुवा. खालून धुणं महत्त्वाचं. वरून धुतलं तर घाण फटीत आणखी घट्ट बसते. ट्रॉलीची बॉडी उचलून खाली शिरायचं असेल, तर हायड्रॉलिक जॅकवर अजिबात विसंबू नका. चेसी आणि बॉडी यांच्यामध्ये जाड लाकडी ठोकळे लावा. वाळल्यावर सांध्यांतून पांढरी भुकटी फुटली, तर क्षार अजून आत आहेत असं समजा आणि पुन्हा धुवा. ही शेतावरची खूण आहे, पण ती फसवत नाही.

मग हातोडी घ्या आणि दर वीतभर अंतरावर पत्रा ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर तिथे सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळा) मारून बघा. पंच आरपार गेला, तर तेवढा भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढा. एक तृतीयांशापेक्षा जास्त तळ सडला असेल, तर तुकडे जोडत बसू नका, तळच बदला. १० बाय ६ फुटांच्या तळाला ४ मिमी पत्रा सुमारे १७५ किलो लागतो. वजनावरून हिशेब मागा, ठोक भाव घेऊ नका.

दुसरा दिवस: वेल्डिंग. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा टाकून देणारे पुष्कळ आहेत. काम झटपट आणि स्वस्त होतं, पण दोन पत्र्यांमध्ये ओल कायमची कोंडली जाते आणि एक-दोन पावसाळ्यांत नवा पत्राही खालून जातो. जुना पत्रा काढायलाच लावा. तो निघाला, की चॅनलची वरची बाजू उघडी पडते. ती तारेच्या कप-ब्रशने घासून तिथे आणि नव्या पत्र्याच्या खालच्या बाजूला प्रायमर लावून घ्या, फक्त वेल्डिंगच्या रेषा मोकळ्या सोडा. पत्रा बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. वेल्डिंग झालं, की उरलेल्या फटा सीलंटने बुजवा. चारही कोपऱ्यांत १२ मिमीची भोकं पाडा, पाणी निघून गेलं पाहिजे.

दांडी चेसीला जिथे मिळते तो सांधा नीट घासून बघा. जुन्या रंगातून तपकिरी बारीक रेघ दिसली, तर ती चीर आहे. नुसती वरून भरली तर भाराखाली पुन्हा उघडते. चिरेच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडा, ग्राइंडरने व्ही खाच करा, कोरड्या ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरा आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्टी मारा. बाकी ठिकाणी ६०१३ नंबरचा रॉड चालतो. वेल्डिंगआधी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडा. चेसी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर लावू नका, आरटीओच्या पासिंगला अडचण येते.

तिसरा-चौथा दिवस: प्रायमर आणि रंग. ऑगस्टच्या दमट हवेत घासलेलं लोखंड रात्रीतून तांबूस होतं, म्हणून घासलेल्या भागाला त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात द्या. रेड ऑक्साइड झिंक फॉस्फेट प्रायमर घ्या. थिनरचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेवढंच ठेवा, पातळ केलेला प्रायमर कडांवरून ओघळतो. दोन हातांना आत-बाहेर, खाली-वर मिळून ६ ते ७ लिटर लागतो. पत्र्यावर तळहात टेकवत नसेल इतका तो तापला असेल, तर रंग थांबवा, फोड येतात. नुसत्या प्रायमरवर ट्रॉली पावसात सोडू नका. त्यातून ओल आत जाते, म्हणून त्याच उघडिपीत सिंथेटिक इनॅमलचे दोन हात पूर्ण करा.

दुकानदार महागडं रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) पुढे करतील. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते वरच्या थरापुरतं चालतं, खालचा गंज तसाच वाढत राहतो. ब्रश न पोचणाऱ्या कोपऱ्यापुरतं पाव लिटर घेतलं तर हरकत नाही. जुनं इंजिन ऑइल तळाला चोपडू नका, त्यावर रंग धरत नाही आणि धान्याला वास लागतो.

बाकी कामं:
- हब उघडून टेपर बेअरिंग डिझेलने धुणं, ऑइल सील बदलणं, नवं ग्रीस भरणं. पुराच्या पाण्यात ट्रॉली उभी राहिली असेल तर हे आधी. ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.
- हबचा नट चाक फिरवत आवळणं, मग पहिल्या खाचेपर्यंत सैल करून नवी कॉटर पिन.
- पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट.
- हुकाची कडी, पिन, सुरक्षा साखळी.
- फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) बिजागऱ्या, कड्या.
- होज पाइप, जॅकची गळती.
- मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी. उसाने झाकली जाणार नाही अशा जागी.

काम झाल्यावर ट्रॉली फाळका उघडा ठेवून, दांडीकडून वीतभर उंच आणि मागे उतार येईल अशी उभी करा. ताडपत्री थेट तळावर अंथरू नका, तिच्याखाली वाफ धरते. पुढच्या वेळी खत वाहिलं, की त्याच संध्याकाळी खालून पाणी मारा.