रस्त्याच्या भेगा फोटोवरून मोजायच्या कशा

सांगलीकडं गाळप सुरू झालं की उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात, खाली काळी माती, पावसात फुगणार उन्हात आकसणार, म्हणून साइडपट्टीजवळ लांबच लांब उभी भेग पडते आणि चाकं जातात तिथं मगरीच्या पाठीसारखी जाळी. मागं मी तक्रारीत नुसतं "रस्ता लई खराब" लिहिलं, कुणी दखल घेतली नाही. म्हणून आता मोजूनच देतो.

फोटो काढताना भेगेशेजारी दहाचं नाणं ठेवा, हे विसरलात तर पुढचं सगळं वाया. नाणं 27 मिमी असतं. मोबाइल जमिनीपासून 60 सेंमीवर अगदी सपाट धरा, तिरका नको, नाहीतर एका बाजूची भेग बारीक आणि दुसरीकडची जाड दिसते. फोटोत नाणं 135 पिक्सेल रुंद आलं तर एक पिक्सेल म्हणजे 0.2 मिमी, म्हणजे 15 पिक्सेलची भेग 3 मिमीची झाली. ढगाळ सकाळ बेस्ट. पाऊस पडून रस्ता वरून वाळला पण भेगेत ओल आहे, तेव्हा काढलात तर भेगा काळ्याभोर उठून दिसतात.

मग इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, आधी नाण्यावरून स्केल सेट करा, फोटो ग्रे करा, बॅकग्राउंड वजा करा (म्हणजे कमीजास्त उजेडाचा फरक जातो) आणि थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरावीक छटेपेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं. ओत्सू पद्धत (1979 ची आहे, अजून चालते) स्वतःच काळं-पांढरं ठरवते पण तिच्यावर आंधळा विश्वास नको, मला एकदा विजेच्या तारेची सावली सरळ भेग म्हणून मिळाली होती, ऑइलचा डागही तसाच फसवतो, ते हातानं खोडा. नंतर स्केलेटनाइज केलं की भेगेची मधली रेघ उरते, तिची लांबी घ्या, भेगेच्या क्षेत्रफळाला त्या लांबीनं भागलं की सरासरी रुंदी मिळते.

जाळीचं मात्र असं करू नका. तिथं रेघा मोजून काही कळत नाही, तो अख्खा पट्टा चौकटीत धरून क्षेत्रफळ काढा, कारण डांबराचा थर तिथं थकलेला असतो आणि भेगेत सील भरून भागत नाही, खालचा थर बघावा लागतो.

फोटो शेकड्यात असतील तर आरडीडी2022 या खराब रस्त्यांच्या, भेगांवर खुणा केलेल्या फोटोंच्या डेटासेटवर भेगा ओळखणारं एआय मॉडेल ट्रेन करता येतं, त्यात 6 देशांचे 47,420 फोटो आहेत, भारताचेपण, पण ते भेग कुठं आणि कसली एवढंच सांगतं, मिलिमीटर नाही. फाइलच्या नावात किलोमीटरचा दगड नि तारीख टाका, आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी परत फोटो काढा.