पाणी 39 फुटांवर आलं की दावण रिकामी करा

हा सल्ला पंचगंगा, कृष्णा, वारणा आणि दूधगंगेच्या काठच्या पशुपालकांसाठी आहे. आर्द्रा सरत आलंय. पुढं तरणा, म्हातारा आणि आसळका (पुनर्वसू, पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांचा पाऊस). 2021 चा पूर म्हाताऱ्यात आला, 2019 चा आसळक्यात. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे उरलेत. ऊस, सोयाबीन, हळदीचं खाली थोडक्यात दिलंय, पण आधी गोठा. पीक बुडालं तर एक हंगाम जातो. म्हैस बुडाली तर घरातलं रोजचं दूध जातं आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

2019 ला पाणी ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात चार म्हशी मरून पडल्या होत्या. चारींच्या गळ्यात दावं आणि दाव्याचं दुसरं टोक मेखेला. म्हैस जातीनं पोहणारी. गळा मोकळा असता तर चारातल्या दोन तरी बाहेर पडल्या असत्या, असं मालक स्वतःच म्हणाले. मग आधी का हलवल्या नाहीत? "2005 ला पाणी पायरीशी थांबलं होतं हो."

ही एकच चूक मी पुन्हा पुन्हा बघत आलोय. मागच्या पुराची खूण भिंतीवर असते आणि माणूस तिच्यावर विसंबतो. पाण्याला ती खूण ठाऊक नसते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा 40 आणि धोका 45, तिथं 2019 ला 57 ओलांडले. बरं, 2019 ला पाणी दिवसादिवसानं चढलं, तर 2021 ला एका दिवसात चित्र पालटलं. तेव्हा "अजून बघू" म्हणायला दरवेळी सवड मिळेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पाणी घरात शिरण्याच्या कितीतरी आधी रस्ता जातो. ओढ्यावरचा फरशी पूल बुडाला की वस्ती कोरडी असूनही ट्रॉली निघत नाही. मग उरते ती बोट, आणि बोटीत म्हैस बसत नाही. बचाव पथक दारात येतं आणि घरधनी जनावरांपायी बोटीत चढत नाही, हे दोन्ही पुरात झालं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट 8 ऑगस्ट 2019 ला उलटली आणि माणसं दगावली. बोटीची वेळच येऊ द्यायची नाही.

म्हणून राजारामला 39 किंवा आयर्विनला 40 लागले आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असला, की त्याच दिवशी उजेडात जनावरं हलवा. 43 ची वाट बघू नका. गाभण म्हशी, रेडकं आणि शेळ्या त्याच्याही आदल्या दिवशी.

माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे, त्याला शास्त्राचा आधार विचारू नका. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात मागं सरकतं. आपल्या शिवारातला ओढा थांबला किंवा उलटा फिरल्यासारखा दिसला, की मी फुटांचा आकडा बघत बसत नाही, ट्रॉली जोडतो. गगनबावडा, राधानगरीकडं दोन दिवस पावसानं उसंत घेतली नसेल तर 35 फुटांनाच वैरण पुढं पाठवतो. एखाद्या वर्षी फेरा फुकट जातो. डिझेल गेलं तर गेलं.

एकट्यानं हे होत नाही. वस्तीतल्या दहा-बारा घरांनी याच आठवड्यात एका संध्याकाळी बसून ठरवावं: उंचावरचं पाहुण्यांचं गाव कोणतं, तिथं कुणाच्या खळ्यावर किंवा शेडमध्ये जनावरं बांधायची, ट्रॉली कुणाची आणि पहिला फेरा कुणाच्या गोठ्याचा. हे शेवटचं आधीच ठरवा. ऐन वेळी त्यावरूनच भांडणं होतात. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं किंवा एकटी बाई आहे, त्यांचा फेरा पहिला. दूध संस्थेच्या सचिवाला कळवून ठेवा, म्हणजे त्या गावात संकलनाची सोय होईल.

पोलीस पाटील आणि तलाठ्यांशी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वस्तीतला एकच माणूस बोलेल असं ठरवा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन लावला की नुसतं "पाणी आलंय" म्हणू नका. वस्तीचं नाव, माणसं किती, आजारी किती, जनावरं किती आणि कुठला रस्ता अजून चालू आहे, एवढं सांगा. दहा जणांनी दहा आकडे सांगितले की मदत भलतीकडं जाते. जनावरांच्या डॉक्टरसाठी 1962.

आणि काहीच जमलं नाही, पाणी अंगणात आलं, तर निघताना दावी कापा. गाठ सोडत बसू नका, ओल्या दोरीची गाठ सुटत नाही. गोठ्याच्या खांबाला विळा आत्ताच अडकवून ठेवा. गोठ्याचं दार उघडं टाका.

आत्ता करायची कामं:
- घटसर्प, फऱ्याची लस राहिली असेल तर आजच टोचा. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात.
- कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर वहीत लिहा, प्रत्येक जनावराचा बिल्ल्यासह फोटो काढा.
- आठ दिवसांची कोरडी वैरण आणि पेंड उंचावर ठेवा.
- नदीवरची मोटर, स्टार्टर, केबल काढून घ्या.
- सातबारा, पासबुक, आधार प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

पाणी ओसरल्यावर:
- गाळ लागलेली वैरण धुतल्याशिवाय घालू नका, बुरशी धरलेली अजिबात नको.
- 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, अर्ध्या तासानं वापर.
- उसात, सोयाबीनमध्ये चर काढून पाणी बाहेर काढा.
- सोयाबीन पिवळं पडलं तर 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम फवारा.
- हळदीत कंदकुज दिसली तर वाफसा आल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड 5 ग्रॅम प्रति लिटरची आळवणी.
- चिखलात उतरताना गमबूट घाला. ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) असू शकतो.

पूर ओसरला की दुकानांत "ताण घालवणारी" टॉनिकं दिसायला लागतात, लिटरला हजार-दीड हजाराची. जमिनीत हवा खेळेपर्यंत मूळ काही घेत नाही, मग बाटली कितीची का असेना. तो पैसा चर काढणाऱ्या गड्याला द्या.

जनावर दगावलंच तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. सरकारच्या आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ओढकामाच्या जनावराला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये होते. चांगली म्हैस लाखाच्या खाली येत नाही, तरी आहे ते सोडू नका. वहीतला बिल्ला नंबर तिथं उपयोगी पडतो. पंचनाम्यानंतर विहिरीपासून लांब, सहा फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. पुरात ढकलून देऊ नका, खाली नृसिंहवाडी-राजापूरकडंही माणसं राहतात.