मीटर साडेबारा दाखवते, तरी यंत्र बंद का पडते?

आयटीआयनंतर काही वर्षे मी सांगलीत चारचाकी गाड्यांच्या वायरिंगचे काम करत होतो आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर बचाव बोटींची विजेची कामे माझ्याकडे येऊ लागली. समुद्रावरच्या बोटी रोज पाण्यात असतात. आमच्या बोटी मात्र वर्षातील बहुतेक महिने ताडपत्रीखाली पडून राहतात आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की एका रात्रीत सर्वांनाच त्या चालू स्थितीत हव्या असतात. त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्याला बिघाड शोधायला वेळ कमी मिळतो आणि घाईत चांगली यंत्रे बदलली जातात. ही चूक मी स्वतः केली आहे.

एका बोटीवरील पाण्याची खोली मोजणारे यंत्र इंजिनाला स्टार्टर मारताच बंद पडून पुन्हा सुरू होत असे. मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज दिसत होती. तरी मी आधी बॅटरी बदलली, मग दुसरे यंत्र लावून पाहिले, आणि दोष तसाच राहिला. शेवटी सोबत्याला स्टार्टर मारायला सांगून त्याच क्षणी दोन्हीकडे मोजले, तेव्हा बॅटरीवर साधारण ११ आणि यंत्राच्या प्लगवर ९ व्होल्टही नव्हते. यंत्राची निगेटिव्ह वायर बॅटरीपर्यंत न आणता इंजिनाच्या जाड केबलवरच पुढे जोडलेली होती, आणि त्या केबलच्या थिंबलमध्ये, म्हणजे टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यात, हिरवट गंज चढला होता. गंजाचा रोध ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा असला, तरी स्टार्टरच्या १०० अँपिअर प्रवाहाला तेथे २ व्होल्ट गमवावे लागतात, आणि त्याचा फटका बिचाऱ्या यंत्राला बसतो. थिंबल नवे दाबून बसवले, यंत्रासाठी बॅटरीपासून स्वतंत्र दोन वायरी ओढल्या आणि पॉझिटिव्हवर बॅटरीजवळच फ्यूज बसवला. जुने यंत्र विनातक्रार चालू लागले.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून कुजलेल्या जॉइंटमधूनही ते पूर्ण व्होल्ट दाखवते. वायरलेस सेटचेही असेच होते: समोरच्याचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, पण आपण बोलण्यासाठी बटण दाबले की सेट मान टाकतो, कारण २५ वॅटचा सेट ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही आणि बोलताना पाच-सहा अँपिअर मागतो. म्हणून बटण दाबलेले असताना, किंवा सर्चलाइट पेटलेला असताना, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा उपकरणाच्या निगेटिव्ह टोकावर ठेवावा. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर एकेक जॉइंट ओलांडत पुढे जावे आणि आकडा जेथे उडी घेतो तो जॉइंट उघडावा. पॉझिटिव्ह बाजूचेही तसेच, फक्त फ्यूजचा होल्डर विसरू नये, कारण गाळ तेथेच साचतो.

वायरीच्या जाडीचाही प्रश्न असतो. ५५ वॅटचा सर्चलाइट साडेचार अँपिअर घेतो. पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते, आणि ती १ चौरस मिलिमीटरची असेल तर पाऊण व्होल्टहून अधिक वाटेतच जातात, २.५ ची असेल तर एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास. अशा वेळी जाड वायर घालावी. मोठा फ्यूज घालून काही साधत नाही, आणि ते धोक्याचेही आहे, कारण फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि बोटीत शेजारीच पेट्रोलची टाकी असते. त्याच कारणाने, म्हणजे ठिणगी उडू नये म्हणून, बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढावी आणि लावताना शेवटी लावावी.

पाणी ओसरल्यावर बोट शेडमध्ये जाते तेव्हा मी टर्मिनल घासून त्यांवर पेट्रोलियम जेली लावतो, निगेटिव्ह सोडून ठेवतो आणि महिन्यातून एकदा बॅटरी मोजतो, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की त्याच दिवशी चार्जिंगला लावतो, कारण अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसले की ती जुलैत १२.६ दाखवूनही पहिल्याच स्टार्टरला कोसळते.